पाठीच्या सुईला धरणारा माणूस

गंगाधर आमच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरचा अटेंडंट आहे. पेशंटला टेबलावर नीट ठेवणं हे त्याचं काम. मणक्याच्या ऑपरेशनला पालथं, किडनीच्या कुशीवर, मूळव्याधीच्या पाय वर बांधून. डावं-उजवं तो पेशंटच्या अंगानं धरतो, स्वतःच्या नाही.

पण खरं काम पाठीत भुलीची सुई देताना. पेशंट टेबलाच्या कडेला बसतो. गंगाधर समोर उभा राहून त्याचं कपाळ छातीशी घेतो आणि खांदे खाली दाबतो. पाठ वाकते, मणक्यांत जागा होते. आमचं शहर राजधानी झाल्यापासून लांबलांबचे पेशंट येतात. त्यांची बोली त्याला येत नाही, तरी ते त्याला बिलगतात.

मी वॉर्डात ट्रॉली ढकलतो. बी.कॉम. आहे म्हणून तो मला मुनीमजी म्हणतो. त्याची बायको, कलावती वहिनी, वारल्यापासून तो तात्यापारा मोहल्ल्यात एकटा राहतो. मूलबाळ नाही. जेवायला बोलावलं तर डबा आहे म्हणतो.

मागच्या हिवाळ्यात त्याला हर्निया निघाला. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, लवकर ऑपरेशन कर, असं डॉक्टरांनी बजावलं. तो टाळतच राहिला.

"काहून टाळून राहिला बे?" मी विचारलं.

"मले धरणार कोण?"

"मारोती आहे ना." मारोती थिएटरातला दुसरा अटेंडंट.

"मारोती माणूस धरते का गॅसचं सिलिंडर, तेच समजत नाही."

"मग मी धरतो."

"मुनीमजी, तुले ट्रॉली सरळ नेता येत नाही."

तरी एका दुपारी रिकाम्या थिएटरात तो टेबलावर बसला आणि मला समोर उभं केलं. "ओढू नको. नुसते खांदे दाब. आन् बोलत राह."

"काय बोलू?"

"काहीबी. मी पेशंटले गोल बाजारातले भाजीचे भाव सांगतो."

तारीख मात्र त्यानं घेतली नाही. होळीनंतर एका सकाळी तो कपडे बदलायच्या खोलीत पोट धरून बसलेला सापडला. जांघेतली गाठ आत जाईना. डॉक्टरांनी लगेच टेबलावर घ्यायला सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी हात धुवायला गेलो.

तो कडेला बसला. मी कपाळ छातीशी घेतलं, खांदे दाबले. बोलायला काही सुचेना. त्याचा श्वास माझ्या अंगावर गरम लागत होता. सुई गेली तेव्हा तो हलला नाही. त्याचे हात माझ्या कमरेमागे कधी आले, ते मला कळलं नाही.

"हो गया. लिटाइए," भुलीच्या मॅडम म्हणाल्या.

सुईनंतर लगेच उताणं झोपवायचं असतं, नाहीतर औषध खालीच बसतं आणि वरचा भाग बधिर होत नाही. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण तो डोकं उचलेना.

"जल्दी, भैया."

"गंगाधर," मी म्हटलं. मग कमरेमागचे हात मीच सोडवले. मारोतीनं पाय उचलले, मी खांदे धरले, आणि आम्ही त्याला उताणं केलं. न सांगता त्यानं दोन्ही हात बाजूच्या फळ्यांवर पसरले.

मारोतीनं त्याच्या छातीवर आडवा पडदा बांधला. जा असं मला कोणी म्हणालं नाही, म्हणून मी त्याच्या डोक्याशी उभा राहिलो.