दुसरा बार

कोलतंडा घराण्यातल्या करुंबय्याला गावात कुणी नेमबाज म्हणत नसे. चाळिशी उलटलेला, अंगाने काटक आणि बोलायला कंजूष. भाताची खाचरं, मिऱ्याचे वेल आणि उतारावरची थोडी कॉफी एवढा त्याचा संसार. बायको बोळम्मा आणि म्हातारे वडील मोन्नप्पा घरात; मुलगी म्हैसूरला शिकायला. रानडुक्कर खाचरात उतरलं की तो दुनळी बंदूक घेऊन बांधावर जाई आणि एक बार काढून परत येई. त्या एका बारात डुक्कर बहुधा पडायचंच. ही गोष्ट त्याने कधी कुणाला सांगितली नाही, पण रस्सा शेजारपाजारी पोचत असल्यामुळे ती लपूनही राहिली नाही.

त्या वर्षी घराण्याचे कर्ते कुशालप्पाकाका आषाढात छत्री झटकत आले आणि ओसरीवरच्या फळीवर बसले.

"कैलपोदच्या सणाची बंदूकपूजा झाली की तालुक्याला सगळ्या घराण्यांची नारळाची नेमबाजी आहे," ते म्हणाले. "आपलं नाव किती वर्षांत पुकारलं गेलेलं नाही. या वेळी तू जायचंस."

"मी? काका, मी डुकरं मारतो. नारळ नाही."

"नारळ पळत तरी नाही," पलीकडे घोंगडी पांघरून बसलेले मोन्नप्पा म्हणाले आणि खोकू लागले. त्यांची छाती वैशाखापासून धरली होती. डॉक्टरांनी औषध दिलं होतं. आशा किती द्यावी, हे मात्र त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

स्पर्धेचा नियम सोपा होता. प्रत्येकाला दोन बार, लागोपाठ. उंच झाडाला टांगलेले दोन नारळ. दोन्ही फुटले तर घराणं पुढच्या फेरीत.

भातलावणी सुरू झाली की बंदूक देवखोलीत जाते आणि कैलपोदच्या पूजेलाच बाहेर येते. पण सराव केल्याशिवाय कसं जायचं? काकांनी दिवा लावला, पूर्वजांची क्षमा मागितली आणि बंदूक करुंबय्याच्या हातात दिली. इथेच दोघांचं चुकलं. पूर्वजांची क्षमा मागितली, गावाला सांगायचं मात्र राहून गेलं.

पाऊस जरा उघडला होता. करुंबय्याने घरामागच्या फणसाला नारळ टांगला आणि पहिला बार काढला. गोळी फांदीला लागली. हात अजून गरम होता, म्हणून त्याने लगेच दुसरा काढला. नारळ फुटला. तो खूश होऊन नळ्या पुसत बसला.

थोड्या वेळाने फाटक वाजलं. ओल्या वाटेने माणसं येत होती. बायकांनी पांढरी लुगडी नेसली होती, पुरुष अनवाणी होते. सगळ्यांत पुढे शेजारचा चंगप्पा, खांद्यावर कुऱ्हाड. चितेचं लाकूड तोडायला हाच पहिला धावायचा. ओसरीपाशी येऊन सगळे थबकले. घोंगडीतून मोन्नप्पा त्यांच्याकडे पाहत होते.

"कोण गेलं?" मोन्नप्पांनी विचारलं.

चंगप्पाने कुऱ्हाड हळूच पाठीमागे घेतली.

"अरे, विचारतोय. कोण गेलं?"

"तुम्हीच, अप्पय्या," चंगप्पा म्हणाला. "म्हणजे... दोन बार ऐकले आम्ही."

पोरगा जन्मला की घरातून एक बार निघतो आणि माणूस गेलं की दोन. पावसाळ्यात दुसऱ्या कशासाठी दोन बार निघतच नाहीत. करुंबय्या घरामागून बंदूक घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. त्याला काय झालं ते कळलं तेव्हा त्याचं तोंड राखेसारखं झालं.

मोन्नप्पाच आधी हसले. "आलात ते बरं केलंत. कोण कोण येतं ते एरवी मला कळलं नसतं. बोळम्मा, तांदूळ टाक. मेल्या घरचं जेवायला आलेली माणसं, जिवंत घरचं जेवून जाऊ देत."

लोक जेवले, हसले आणि निघाले. निघताना एका म्हातारीने मात्र बोळम्माला चुलीपाशी गाठून सांगितलंच, "काढलेले बार वाया जात नाहीत हो. बार निघाले की कुणाला तरी जावं लागतं." बोळम्माने ते नवऱ्याला सांगितलं नाही, पण भिंतीपलीकडून त्याने ऐकलं होतं.

त्याच आठवड्यात मोन्नप्पांचा ताप चढला.

त्यानंतर करुंबय्याला दुसरा बार जमेना. पहिला नारळ तो झोपेत मारावा तसा मारायचा. दुसऱ्यासाठी बंदूक वळवली की बोट घोड्यावर अडकायचं. दाबलं तरी नळी हलायची आणि गोळी पानांत जायची. डॉक्टर म्हणाले, ताप पावसाळी हवेचा आहे. करुंबय्याने मान हलवली, पण विश्वास ठेवला तो म्हातारीच्या बोलण्यावर.

मुलाचा हात कशाने अडतो, ते मोन्नप्पांनी अंथरुणावरून ओळखलं. "तीन काढ," ते म्हणाले. "तीन बारांनी आजवर कुणी मेलेलं नाही."

उपाय नामी होता, पण बंदूक दुनळी. दोन बार काढून तिसरं काडतूस भरेपर्यंत मध्ये वेळ जायचा आणि तेवढ्या वेळात अख्खी दरी कान टवकारून उभी राहायची. दोन दिवसांनी चंगप्पा कुंपणापाशी आला.

"करुंबय्या, तिसरा जरा चटकन काढत जा बाबा. दुसरा ऐकला की बायको तवा खाली उतरवून बसते. तिसरा येईस्तोवर आमच्या भाकऱ्या कच्च्या."

"मग कुऱ्हाड घेऊन येऊ नकोस म्हणजे झालं."

"छे. आता मी आधी ओसरीवर बघणार आणि मगच कुऱ्हाड काढणार. एकदा फजिती झाली, पुरे."

करुंबय्या हसला नाही. रात्रंदिवस त्याच्या मनात एकच घोळत होतं. बार आपण काढले, आपल्या हाताने. आता हे म्हातारं माणूस त्या बारांमागून निघालं आहे आणि आपण मात्र नारळ फोडायला चाललो आहोत. त्याने काकांना सांगून पाहिलं, "दुसऱ्या कुणाला पाठवा."

"दुसरं आहे कोण? तुझा चुलतभाऊ बंगळुरात खुर्चीवर बसून वाढलाय. त्याने बार काढला तर नारळ सोडून पंच पडेल."

कैलपोद आला. बंदुकीला अग्निशिखेचं लाल-पिवळं फूल खोवलं, गंध लागलं, डुकराचा रस्सा आणि कण्यांचे उकडलेले गोळे झाले. मोन्नप्पांनी रस्सा नुसता हुंगला आणि ताट बाजूला सारलं. स्पर्धेच्या सकाळी करुंबय्या पाया पडायला गेला, तो तिथेच बसून राहिला.

"मी जात नाही, अप्पा. आज दरीत दिवसभर बार निघणार. तुम्हाला काही झालं आणि घरातून दोन बार काढले, तर कुणाला कळणार? मला तरी कसं कळणार?"

"म्हणूनच आज मी मरत नाही," मोन्नप्पा म्हणाले. "माणसं आली नाहीत तर मरून उपयोग काय? जा. दुसरा बार काढून ये. लागला नाही तरी चालेल. पण काढून ये."

मैदानावर धूर आणि गर्दी होती. कोलतंडा घराण्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा काकांनी फेटा सारखा केला. करुंबय्याने पहिला बार काढला आणि नारळाचं पाणी खाली उभ्या असलेल्यांच्या अंगावर उडालं. लोक ओरडले. त्याने नळी दुसऱ्या नारळाकडे वळवली.

तेवढ्यात डोंगराकडून, त्याच्या घराच्या बाजूने, दोन बार ऐकू आले. कदाचित कुणी मळ्यात सणाचे काढले असतील. कदाचित तो नुसता मैदानाचाच प्रतिध्वनी असेल. त्याचं बोट घोड्यावर गोठलं.

"कोलतंडा, दुसरा," पंच म्हणाला.

तो तसाच उभा.

"काढतोयस की बंदूक उतरवतोयस?"

करुंबय्याने श्वास सोडला आणि घोडा दाबला. गोळी नारळाच्या शेंडीचे धागे घेऊन गेली. नारळ नुसता झुलत राहिला. पंचाने मान हलवली. काकांनी फेटा काढून काखेत धरला. करुंबय्या जेवायला थांबला नाही, परतीच्या जीपसाठीही थांबला नाही. कॉफीच्या मळ्यांतून आडवाटेने धावत निघाला.

ओसरी रिकामी होती. तो चपला न काढता आत शिरला. मोन्नप्पा अंथरुणावर डोळे मिटून पडले होते. बोळम्मा त्यांच्या पायांना तेल लावत होती.

"लागला?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"पहिला. दुसरा शेंडीला घासून गेला."

"पण काढलास."

"काढला." तो जमिनीवर बसला. "घरातून बार काढले होते का हो? मला ऐकू आले."

"आम्ही कशाला काढू? दिवसभर तुम्हीच काढताय. जोडीजोडीने वाजत होते. सकाळपासून किती वेळा मेलो कोण जाणे. शेवटी कंटाळून झोपलो." ते खोकले. खोकला बराच वेळ थांबेना. मग म्हणाले, "तू झालास तेव्हा याच बंदुकीचा एक बार मी काढला होता. हात थरथरला नव्हता. माझे दोन तुला काढायचेत. आज सराव झाला."

करुंबय्याने तोंड फिरवलं.

सुगीच्या सणाआधी, धुकं खाचरांवरून उठत असताना मोन्नप्पा गेले. काका दुसऱ्या गावी होते, त्यांची वाट पाहायला वेळ नव्हता. करुंबय्याने देवखोलीतून बंदूक काढली, अंगणात उभा राहून नळी आभाळाकडे केली आणि दोन बार काढले, सारख्या अंतराने. हात हलला नाही. तिसरं काडतूस त्याने भरलं नाही.

दरी गप्प झाली. खाली कुठेतरी तवा चुलीवरून उतरवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

चंगप्पा सगळ्यांच्या आधी आला. कुऱ्हाड त्याने फाटकाबाहेर टेकवून ठेवली, आत येऊन ओसरीवरच्या फळीकडे पाहिलं. घोंगडी घडी करून ठेवलेली होती. तो मागे वळला आणि कुऱ्हाड आणायला गेला.