अल्बमचं अनेकवचन
राजापेठेतल्या शिकवणीत, डेमोच्या दिवशी, मी अल्बमचं अनेकवचन 'अल्बा' सांगितलं. लॅटिनमधून आलेल्या डेटमचं डेटा होतं, मग अल्बमलाच काय धाड भरलीय, असं मला वाटलं. बोलताक्षणी खटकलं, 'अल्बम्स' म्हणायचं होतं. पण आमच्याकडे सरांचं प्रत्येक उत्तर पोरांनी एका सुरात घोकायचं, म्हणजे खिडकीबाहेरचे पालक भुलतात आणि प्रवेश घेतात. माझी नवी नोकरी त्याच प्रवेशांवर टिकणार होती. पोरं "अल्बम, अल्बा" ओरडत राहिली, बाहेर संचालक खुशीत मान डोलवत राहिले, आणि पोरांना थांबवायला माझा आवाजच फुटेना. भातकुलीहून आलेले एक काका खिडकीतून म्हणाले, "पोट्टे त मस्त बोलून राहिले, सर. तुमीच काहून मुके झाले? तुमाले येत नाई काय?"