दुसऱ्याच्या नवसाचा मलिदा

संस्थेला बरीच वर्षं झाली, तेव्हा तिच्या मूल्यांविषयी लिहा, असं मला सांगण्यात आलंय. मूल्यं वगैरे भारी शब्द मला झेपत नाहीत. अश्केलोनजवळच्या तिच्या बालगृहात मी आणि धाकटी बहीण तीन वर्षं राहिलो. तिथला एकच नियम माझ्या लक्षात आहे: मुलांशी खोटं बोलायचं नाही. तो मी मोडला, म्हणून तर लक्षात आहे.

वडील मुंबईतच वारले होते. इथे इस्राएलला आल्यावर आईला क्षय झाला. ती यरुशलेमच्या इस्पितळात गेली आणि आम्ही बालगृहात. मी अकरा वर्षांची, धाकटी सहाची. निघताना आईने आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, नवस बोलला होता, बरी झाले की मलिदा करीन. नवस फळला की गोड पोह्यांचा मलिदा, हे आमच्या बेने इस्राएलांत, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंत, शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आई गेली. बालगृहाच्या बाईंनी मला समोर बसवून, मला कळेल अशा सावकाश हिब्रूत सांगितलं. आता धाकटीलाही सांगू, म्हणाल्या. मी त्यांचे पाय धरले. मीच सांगेन, पण थोडे दिवस द्या. "शुक्रवारपर्यंत थांबते," बाई म्हणाल्या. "पण तिने मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

धाकटी रोज मलाच विचारायची आणि मी रोज सांगायचे, आई बरी होतेय. मग धुण्याच्या दोऱ्यांमागे जाऊन रडायचे.

गुरुवारी आमची जुनी शेजारीण मावशी ताट घेऊन आली. पोहे, गूळ, खोबरं, वर खजूर. धाकटीने दोन घास खाल्ले आणि आत पळाली.

"यांना कारखान्यात काम लागलं, त्याचा नवस होता गं बाय," मावशी हळूच म्हणाली. "तुम्हा पोरींना सोडून घशाखाली उतरेना."

मी आत गेले. धाकटी स्वतःचे केस विंचरून, फ्रॉकांचं गाठोडं बांधून तयार होती. "आई कधी पोचेल?" तिने विचारलं.

तेव्हा मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. वाईट सांगितलं असणार.

"तू खोटारडी आहेस," ती शांतपणे म्हणाली आणि थेट बाईंच्या खोलीत गेली. मी मागोमाग. तिने बाईंना हिब्रूत विचारलं, आई मेली का. बाई खाली बसल्या, तिच्या डोळ्यांत बघून हो म्हणाल्या. धाकटी त्यांच्या कुशीत शिरून रडली. मी दारात उभी होते. मी हात पुढे केला, तिने तो घेतला नाही.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. माझ्या तब्येतीबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते मी तिला फोनवर सांगते. ती सगळं नीट ऐकून घेते, आणि मग माझ्या मुलीला फोन करून खरं काय ते विचारते.