साडेतीन अंश

नारायण पेठेतल्या मंदाकिनीबाई कुणाशी भांडत नसत. त्या लक्षात ठेवत. हे भांडणापेक्षा वाईट, पण अनिरुद्ध सरांना ते कधी कळलं नाही.

एकतीस वर्षं बाई सरांच्या लेसर प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या. काम असं: डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा एक अशक्त ठोका घ्यायचा. पापणी लवते तेवढ्यात असे लाखो कोटी मावतील, इतका तो आखूड. नखाएवढ्या स्फटिकात त्याची एका दांडग्या लेसरशी गाठ घालून द्यायची. दांडग्याची ताकद अशक्तात उतरते आणि तो हजारपट होतो. पण स्फटिकाचा कोन नेमका असेल तरच. एका अंशाने चुकलं की सगळं मुसळ केरात. तो कोन बाईंनी सहा महिने अंधाऱ्या खोलीत उभं राहून शोधला. पाय सुजून चपलेत मावेनासे झाले. सर दारातूनच विचारत, “झालं का हो?”

झालं. शोधनिबंध छापून आला, त्यात बाईंचं नाव आभारातसुद्धा नव्हतं. सत्कारात सर म्हणाले, “मी स्वतः सहा महिने त्या कोनामागे उभा होतो.” तिसऱ्या रांगेत बसलेल्या बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातला पेढा त्यांनी तसाच खुर्चीखाली ठेवून दिला.

घरी येऊन त्यांनी निबंध बारकाईने वाचला. स्फटिक त्याच्या धारकात जरा तिरका चिकटलेला होता, म्हणून कोन दाखवणाऱ्या तबकडीवरच्या आकड्यातून साडेतीन अंश वजा केल्यावर खरा कोन मिळे. ज्याने एकदा तरी तिथे हात घातला, त्याला हे ठाऊक असणारच. सरांनी बाईंच्या वहीतला तबकडीचा आकडा जसाच्या तसा उचलून छापला होता. बाईंनी निबंध मिटला आणि कुणाला काही सांगितलं नाही. सहा वर्षं.

गेल्या महिन्यात नवा धारक आला आणि स्फटिक त्यात सरळ बसवला गेला. दुसऱ्याच दिवशी पाहणी समिती हजर. नव्या लेसर केंद्राचं संचालकपद सरांना द्यायचं का, ते तिथेच ठरणार होतं. सरांनी ऐटीत छापील कोन लावायला सांगितला. ठोक्याची ताकद मोजणारा मीटर हलेना. वीस मिनिटं झाली तरी हलेना.

“मंदाकिनीबाई, बघा जरा.”

“आपल्या निबंधातलाच कोन आहे, सर. त्यापुढे मी काय बघणार?”

समितीच्या अध्यक्षा कादंबरी मॅडमनी चष्मा काढला. “आकडा नक्की बरोबर आहे ना?”

सरांनी बाईंकडे बोट दाखवलं. “चुकला असेल तर यांचा. मी नव्हता मोजला. सगळी मापं यांनीच घेतली होती.”

हे वाक्य ऐकण्यासाठी बाई सहा वर्षं थांबल्या होत्या. सरांनी कृतज्ञतेने म्हटलं असतं, तर इतकं गोड लागलं नसतं. त्यांनी जुनी वही मॅडमपुढे उघडली. आकड्याखाली बाईंच्याच अक्षरात लिहिलं होतं: स्फटिक तिरका आहे, साडेतीन वजा करणे.

“आकडा बरोबर आहे, मॅडम. सरांची खालची ओळ वाचायची राहिली. आणि सर आत्ता जे बोलले, ते इतिवृत्तात शब्दशः घ्या.”

मग उठून त्यांनी स्फटिक साडेतीन अंश मागे फिरवला. मीटरचा आकडा भराभर चढला, समिती पुढे वाकून बघू लागली. बाई सरांच्या तोंडाकडे बघत होत्या.