पातेलेमामांचा भात

पातेलेमामांचा ऐक्याचा भात कधीच नीट शिजला नाही. पातेल्याच्या एका कडेला गिच्च गोळा, दुसऱ्या कडेला दाताखाली कचकन येणारे दाणे आणि तळाला करपलेली खरवड. वाढताना माणसं एकमेकांकडं बघून हसायची. "मामा, जन्म रेल्वेत स्वयंपाक करण्यात गेला आन् भात येईना व्हय?" असं कुणीतरी दर वर्षी म्हणायचंच. मामा कालथा हातात धरून, घामानं निथळत, दर वर्षी तेच उत्तर द्यायचे. "सगळ्यांचा तांदूळ हाय त्यो. आपापल्या येळंनं शिजतोय. चावा जरा." चावून चावून दाढा दुखायच्या, पण पानात टाकायची कुणाची छाती नव्हती. आज तो कच्चा दाणा एकदा दाताखाली यावा म्हणून मी काय वाट्टेल ते देईन.

मामांना स्वयंपाक येत नव्हता असं मात्र कुणी समजू नये. दौंडच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर आणि गार्ड परतीच्या पाळीपर्यंत जिथं अंग टाकतात तिथं, ते स्वयंपाकी होते. तेव्हा ज्याचा त्याचा शिधा ज्याच्या त्याच्या पिशवीत असायचा आणि मामांनी तो ज्याचा त्याला वेगळा शिजवून द्यायचा. एकाची डाळ चुकून दुसऱ्याच्या भांड्यात गेली की महाभारत! सोलापूरकडचे गार्ड मामांच्या आमटीची तारीफ करत गाडीत चढायचे. "अख्खी नोकरी येगयेगळं शिजवण्यात गेली, बाई," मामा मला म्हणायचे. "वर्षातनं एक दिस तरी एकत्र शिजवू द्या की."

मी दौंडला शाळेत शिक्षिका म्हणून नव्यानं आले होते तेव्हाची गोष्ट. नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं. रविवारी सकाळी दारात सायकल थांबली. कॅरिअरला भलंमोठं ॲल्युमिनियमचं पातेलं सुतळीनं बांधलेलं, आणि सायकल धरून एक काळासावळा, टक्कल पडलेला माणूस उभा. मी कुठल्या चर्चची, हे त्यानं विचारलं नाही. "बाई, आज काय शिजलंय घरात?" असं विचारलं. मी म्हटलं, वरणभात. "मंग मूठभर तांदूळ द्या. आमच्यात बी वरणभातच हाय." आमच्या ख्रिस्ती घरांतली ही जुनी रीत. भात टाकताना बाईनं एक मूठ तांदूळ देवाच्या नावानं डब्यात टाकायचे आणि रविवारी चर्चला न्यायचे. पण ज्याची मूठ त्याच्या चर्चला. दुसऱ्या चर्चच्या दारात जाऊन मूठ मागणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदाच बघितला.

मामा मूठ मागत होते ती 'दौंड-शिरूर ख्रिस्ती ऐक्य समिती'साठी. हे नाव ऐकून फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. आमच्याकडं ख्रिस्ती माणसं चिमूटभर आणि पंथ ढीगभर. आम्ही कॅथलिक, फादरांच्या मिस्साला जाणारे. मामा जुन्या मिशनच्या मंडळीतले, पाळकसाहेबांच्या उपासनेला जाणारे. शिवाय कुणाच्या घरात, कुणाच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरणारे नवे प्रार्थनागट. नाताळची गाणी म्हणत फिरणाऱ्या दोन टोळ्या रेल्वे कॉलनीच्या एका बोळात समोरासमोर आल्या, की बेंबीच्या देठापासून ओरडून एकमेकींचा आवाज दाबायला बघायच्या. ह्या सगळ्यांना जानेवारीतल्या एका रविवारी, एक वर्ष दौंडला आणि एक वर्ष शिरूरला, एकत्र प्रार्थनेला बसवायचं आणि मग एका पातेल्यातलं जेवू घालायचं, एवढंच समितीचं काम. मामा चिटणीस. मला त्यांनी सहचिटणीस केलं, कारण माझं अक्षर बरं होतं आणि मी भांडायला घाबरत नव्हते.

भांडणं काय कमी होती? एका वर्षी पत्रिकेवर कुणाच्या चर्चचं नाव आधी घालायचं, ह्यावर बैठक अडली. मामांनी तोडगा काढला. "येत्या रविवारी ज्याची घंटा आधी वाजंल, त्याचं नाव आधी." त्यांना वाटलं, काय फरक पडतो, दोन्ही घंटा एकाच सुमाराला वाजतात. झालं काय, तर त्या रविवारी दोन्हीकडचे घंटावाले पहाटेच्या अंधारात दोरीला लोंबकळले आणि अख्खी कॉलनी आग लागली की काय म्हणून बाहेर आली! दिवसपाळीचे, रातपाळीचे, सगळे शिव्या घालत मामांच्या दारात. मामांनी कान धरले. त्या वर्षी पत्रिकेवर एकाही चर्चचं नाव आलं नाही. वर नुसतं 'जेवायला या' आणि खाली पत्ता. आजवरची सगळ्यांत जास्त गर्दी त्या वर्षी झाली.

प्रार्थना एकत्र, गाणी एकत्र, पण प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीनं मेजावरची भाकर वाटून घ्यायचा विधी, मात्र ज्याचं त्याच्या चर्चमध्ये. तिथं वरून आलेले नियम. एका तरुण पाळकांनी बैठकीत तो विषय काढला तेव्हा आमचे फादर खाली मान घालून बसले. मामाच म्हणाले, "त्या मेजाचं मोठी मान्सं बगतील. त्यांचं ठरंपर्यंत आपुन उपाशी ऱ्हायाचं का? आपुन भाताचं बगू."

त्या भाताचं मला एकदा राहवलं नाही. म्हटलं, "मामा, निदान जाडा आणि बारीक तांदूळ वेगळा करू. दोन पातेली चढवू. खाणाऱ्याला घास तरी गोड लागेल." मामांचं हसू गेलं. म्हणाले, "बाई, भात चांगला व्हावा म्हनून न्हाई चाललंय ह्ये."

हा हट्ट कुठून आला ते मला शिरूरच्या एसटीत कळलं. मामी, म्हणजे मामांची बायको, मूळची कॅथलिक घरातली. दोघांचं लग्न झालं खरं, पण मांडव दोन पडले. "दोन चुली, दोन पातेली," मामा सांगत होते. "तिच्या मान्सांनी आमचं खाल्लं न्हाई, आमच्यांनी त्यांचं. नवरी हिकडं जेवली, नवरा तिकडं. पयल्याच दिवशी येगळं जेवलो. ते अजून टोचतंय बगा." मामांचं गाव तिकडंच, घोडनदीच्या काठाला, इनामगावाजवळ. न्हावऱ्याचा फाटा आला तशी त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. "तिथं शिकल्यालं लोक येऊन जमीन उकरत हुतं. खाली काय निघालं? चुली आन् मडकी! तवा कुठला पंथ हुता, बाई? मान्सं जवळ बसून जेवत असतील, दुसरं काय." मग शिरूर येईपर्यंत ते मांडीवरच्या पिशवीतले तांदूळ चाचपत बसले.

मामांना एकच मुलगा, आशिष. लहानपणी पातेल्याखाली जाळ घालायचा तोच. शिकला, कुरकुंभच्या कारखान्यात लागला, आणि तिथल्या मित्रांबरोबर एका नव्या प्रार्थनागटात जाऊ लागला. तिथं लहानपणीचा बाप्तिस्मा धरत नाहीत, म्हणून त्यानं भीमेच्या पाण्यात उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. लोकांनी मामांना डिवचलं. ऐक्यवाल्याचं पोरगंच फुटलं म्हणाले. मामा हसले. "नदीत बुडी मारली म्हनून पोरगं परकं व्हतंय व्हय?"

पण पुढच्या जानेवारीत आशिष मंडपाच्या तोंडाशी उभा राहिला आणि चारचौघांत म्हणाला, "पप्पा, मी ह्या भाताला बसणार नाही. मूर्तीपुढं मेणबत्ती लावणाऱ्यांचं अन्न ह्यात आहे. माझ्या विश्वासात ते बसत नाही."

मामांचा कालथा हातातच राहिला. "तुझ्या आईची मूठ हाय ह्यात, आशिष," एवढंच ते म्हणाले. आशिषनं स्कूटरला किक मारली.

त्या दिवशी मामांनी एक ताट वाढलं, त्यावर दुसरं ताट पालथं घातलं आणि बाजूला ठेवलं. येईल म्हणाले. संध्याकाळी पाखरं झाडावर बसली तरी ताट तसंच. शेवटी ते पिशवीत घालून सायकलच्या हँडलला अडकवलं. दुसऱ्या दिवशी मामा आणि मामींनी तो शिळा भात फोडणी देऊन खाल्ला. हे एका वर्षाचं नव्हे, पुढं दर वर्षाचं झालं. आशिष वेगळा राहत नव्हता, त्याच घरात होता. आईच्या हातचं रोज जेवायचा, बापाच्या गोळ्या आठवणीनं आणायचा. फक्त ह्या भाताला शिवायचा नाही. "समदा तालुका जेवला, बाई," मामा पातेलं घासता घासता मला म्हणाले होते, "आन् माझंच पोरगं न्हाई जेवलं." मी तोंड फिरवलं. म्हाताऱ्याचे ते डोळे बघवत नव्हते.

मी आशिषला स्टेशनवर गाठून खडसावलं. म्हटलं, अरे, एक घास खा, नरड्यात अडकणार आहे का? बापाचा जीव तिळतिळ तुटतोय. पोरगा वाईट नव्हता हो. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, पप्पांसाठी मी जीव देईन. पण मनात नसताना खोटं कसं खाऊ?" बापासारखाच हट्टी, फक्त तोंड उलट्या दिशेला.

मग मामांचं दुखणं आलं. छातीत पाणी झालं होतं. मी दवाखान्यात गेले तेव्हा आशिष उशाशी बसून त्यांचे पाय चेपत होता. तो औषध आणायला बाहेर गेला तसा मामांनी माझा हात धरला. "औंदा तरी बसंल का वो त्यो?" मी म्हटलं, बसेल मामा. मग ते स्वतःच म्हणाले, "बसंल. जाडा तांदूळ हाय. टाइम लागतोय." जानेवारीला अजून अवकाश होता. मामांना तेवढा मिळाला नाही.

अंत्यविधी आशिषनं आपल्या गटाच्या पद्धतीनं केला. मुलगाच तो, त्याचा हक्क. पण आमचे फादर, जुन्या मंडळीचे पाळकसाहेब, शिरूरहून आलेली माणसं, सगळी परक्यासारखी खुर्च्यांवर बसून राहिली. दोन शब्द बोला, असं कुणालाही कुणी म्हटलं नाही. ज्या माणसानं जन्मभर सगळ्यांना एका पंगतीला बसवलं, त्याच्यासाठी एकत्र एक प्रार्थनासुद्धा होऊ नये? माझ्या अंगाची लाही लाही होत होती. शेवटी मूठमाती द्यायची वेळ आली. ती द्यायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. फादरांनी दिली, पाळकांनी दिली, बायकांनी दिली, आशिषच्या गटातल्यांनी दिली. सगळ्यांत शेवटी आशिषनं दिली. सगळ्यांच्या मुठी एका जागी पडलेल्या मी त्यानंतर बघितल्या नाहीत.

पुढच्या बैठकीत ठराव आला की आता दारोदार कोण फिरणार, भातही धड होत नाही, तेव्हा जेवण केटररला द्यावं. हात वर झाले. माझा एकटीचा खाली राहिला. मी बडबड बडबड बडबडले, पण बाईमाणूस भावनेच्या भरात बोलतंय म्हणून सगळ्यांनी समजुतीनं माना हलवल्या.

त्या जानेवारीत मेळावा शिरूरला होता. केटररचा पुलाव काय सुरेख झाला होता! पांढराशुभ्र, मोकळा, एकेक दाणा सुटा. लोक वाहवा करत होते. आणि आशिष आला होता. बायकोला, पोराला, आईला घेऊन आला होता. दुकानातून पोत्यानं आणलेला तांदूळ, त्यात कुणाचीच मूठ नव्हती, मग त्याची हरकत कशाला असेल? पंगतीत बसला. जेवला. वाढप्याला हाक मारून पुन्हा घेतला. मी खांबाला धरून उभी होते. मामा, तुमचा आशिष जेवतोय बघा, असं ओरडावंसं वाटलं आणि त्याच वेळी ते ताट उधळून द्यावंसंही वाटलं.

मामी मंडपाच्या कडेला खुर्चीवर बसल्या होत्या. पुढचं ताट तसंच होतं. मी जवळ गेले तसं म्हणाल्या, "जेवला, बाई. दोनदा घेतला."

"बघितलं मी, मामी."

"ह्यांनी बगाया पायजे हुतं." मग त्यांनीच मान हलवली. "न्हाई. नगंच. बरं झालं न्हाई बगितलं."

त्यांच्या पदराला गाठ होती. सकाळपासून त्या वाट बघत होत्या म्हणे, कुणीतरी मागायला येईल. कुणी आलं नाही तेव्हा आपणच बांधून घेऊन आल्या. त्यांनी गाठ सोडली. आत मूठभर तांदूळ होते, निवडलेले, स्वच्छ.

"ह्ये आता कुठं टाकू, बाई?"

मी मागं वळून बघितलं. केटररची माणसं भांडी धुऊन टेम्पोत चढवत होती. मी खाली बसले आणि मामींपुढं ओंजळ धरली.