काकूंच्या फोटोंची नावं

शेजारचे काका वारलेल्या काकूंच्या प्रत्येक फोटोला कॉम्प्युटरवर वाक्यभर नाव द्यायचे. ‘वणीच्या पायऱ्यांवर दमली, पण कबूल करेना.’ असं एखादं मोठ्याने वाचून स्वतःच हसायचे.

“काका, फोटो काढल्याची तारीख फाइलमध्येच असते. तीच नाव म्हणून लावली की सगळे ओळीने लागतील,” म्हणत मी सॉफ्टवेअर चालवलं आणि एका फटक्यात सगळ्या नावांच्या जागी तारखा आणल्या. जुनी नावं परत आलीच नाहीत.

“असू दे रे. ओळीने तरी लागले,” काका म्हणाले.

आता ते रोज एकेक फोटो उघडून आठवेल तसं पुन्हा नाव लिहितात. काल त्यांनी मला हाक मारली.

“इथे ही कशाला हसली होती रे? बदलताना तू वाचलं असशील की.”

“आठवत नाही, काका.”

खरं तर मी एकही नाव वाचलं नव्हतं.