सासूबाईंच्या धवल्यांचा बॅकअप

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं फक्त मला कळतं, असा एक समज होता. तो मीच पसरवलेला.

माझी बायको वैशाली डोंबिवलीजवळच्या आगरी गावातली. तिची आई गावातली शेवटची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले, लग्नविधींची गाणी, गाणारी बाई. कुठल्या कागदावर नाहीत ही गाणी. वैशालीने दोन वर्षं दर लग्नाला आईमागे मोबाईल घेऊन फिरून ती रेकॉर्ड केलेली. मोबाईलमधून काढून सगळी लॅपटॉपमध्ये ठेवलेली.

लॅपटॉप रखडायला लागला. मी जाहीर केलं, सगळं पुसून नवीन विंडोज टाकतो.

"अरे, आधी बॅकअप घेतलास का?"

"घेतला!" (डेस्कटॉपवरचं 'आईचे धवले' मी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कमध्ये टाकलेलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत कॉपी! डिस्कच्या वेगाचं मी कौतुकही केलं.)

लॅपटॉप पुसला. डिस्क उघडली. 'आईचे धवले'वर क्लिक केलं, तर कॉम्प्युटर म्हणतो, असं काही नाही! मी कॉपी केला होता तो शॉर्टकट. थोडक्यात, घर पाडलं आणि दारावरची पाटी जपून ठेवली!

"घाबरू नकोस," मी म्हटलं, "पेनड्राइव्हवर दुसरा बॅकअप आहे. पासवर्ड लावून सुरक्षित केलेला."

"मग टाक पासवर्ड."

मी टाकला. चूक. दुसरा टाकला. चूक. मग आठवण म्हणून मी स्वतःसाठी लिहिलेली खूण वाचली: 'तुला माहीत आहे.'

"माझा वाढदिवस टाकून बघ," वैशाली म्हणाली. मी टाकला. ती स्क्रीनकडे बघतच राहिली. "ही कोणाची तारीख आहे रे?"

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी दोघं ठाण्याला गेलो. डेटा परत मिळवून देणाऱ्या जाधव मॅडमनी लॅपटॉप बघितला. "पुसल्यावर वरून नवीन विंडोज टाकलंत? मग अवघड आहे." पेनड्राइव्ह बघितला. "याला लॉक कोणी लावलं?"

"मीच. कोणी चोरू नये म्हणून."

"मग काम झालं की. आता कोणीच चोरू शकत नाही."

परतताना वैशाली रिक्षातून बाहेर बघत होती. गाल ओले होते. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, मी काय घालवलंय ते.

तसेच गावाला गेलो. सासूबाईंपुढे हात जोडले. "आई, पुन्हा एकदा धवले गाल का?"

"लगीन कोनाचा हाय?"

"लग्न नाही. नुसतं रेकॉर्ड करायला."

"नवरा नाय, नवरी नाय, मी कोनाला गानार? भिंतीला?"

समजावलं, विनवलं. सासूबाई ढिम्म! शेवटी वैशालीच उठली. आतून तिने कुणाच्या तरी लग्नातल्या मुंडावळ्या आणल्या आणि माझ्या कपाळाला बांधल्या. (टक्कल असल्यामुळे त्या नाकावर यायच्या.) मग समोर मोबाईल रेकॉर्डिंगला लावून, स्वतःही मुंडावळ्या बांधून शेजारी बसली. चौपन्नाव्या वर्षी मला हळद लागली! शेजारपाजारच्या बाया गोळा झाल्या. "कोनाचा गो लगीन?" "यांचाच!" "परत?"

आणि सासूबाई गायल्या. संध्याकाळपर्यंत, एकेक विधी करत, एकही ओळ न विसरता. वैशालीने मध्येच माझा हात धरला. मी हललो नाही. हललो असतो तर हातून अजून काहीतरी पुसलं गेलं असतं!

आता त्या रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्या धवल्यात सासूबाई अचानक थांबतात, आणि स्वच्छ ऐकू येतं: "गो वैशे, यो नवरा तवा आपून नीट बगून घेतला व्हता ना?" मागे पंधरा-वीस बायांचं हसू.

मी म्हटलं, "तेवढं कापू या."

"अजिबात नाही," वैशाली म्हणाली, आणि तेवढ्याच तुकड्याच्या तिने तीन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवल्या.